उजाडांदे, मगे बघूया

बाय,

परवा रात्री पावणेबाराला तुझा फोन आला. नातजावयाचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यात सुटलेली नोकरी, घराचे हप्ते, चेडवाच्या शाळेची फी, सगळं तू एका दमात सांगितलंस. मग जरा थांबून म्हणालीस, "आजी, देवावर भरवसा ठेव असं सगळेच सांगतात. भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?" मी तेव्हा एवढंच म्हटलं की आत्ता झोप. तुला ते तुटक वाटलं असेल. पण माझं उत्तर तेच होतं. माझ्या सासूनं, म्हणजे तुझ्या पणजीनं, मला दिलेलं. बाकीचं आता सकाळच्या उजेडात बसून लिहिते आहे.

तुझे आजोबा गेले तेव्हा मी 31 वर्षांची होते. 1983 चा ऑगस्ट. कावीळ झाली आणि अकरा दिवसांत माणूस गेला. शेवटच्या दिवशी गडनदीला एवढं पाणी होतं की तळाशीलहून सर्जेकोटला जाणारी होडी कुणी नदीत घालायला तयार होईना. एका बाजूला खाडी, एका बाजूला खवळलेला दर्या आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचं घर. तुझे पप्पा सात वर्षांचे, आत्या आठ महिन्यांची. पुरून आलो त्या रात्री मी ठरवून टाकलं होतं: शाळेची नोकरी सोडायची, मुलांना घेऊन माहेरी जायचं, इथली माडांची जमीन विकायची. मांय (सासूला आम्ही सगळे मांयच म्हणायचो) चुलीजवळ बसली होती. तिचा एकुलता एक झील त्याच दिवशी मातीत गेला होता. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रातीक काय्येक ठरवू नको. उजाडांदे, मगे बघूया." मग उकड्या तांदळाची पेज वाढली. मी नको म्हटलं. तर म्हणाली, "पेज खा आदी. देव खंय पळान गेल्लो नाय."

मांयला अक्षर येत नव्हतं. तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मात्र रोज संध्याकाळी दिवा लागला की व्हायचीच. पाऊस असो, पाहुणे असोत, नाहीतर घरात भांडण होऊन कुणी कुणाशी बोलत नसो. तिच्याकडून मी जे शिकले त्याचा मेळ पुढं पवित्र शास्त्रात सापडत गेला, आणि सगळ्यात जास्त सापडला तो प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात. तो अध्याय तू काढून वाच. आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसांसाठीच जणू लिहिलेला आहे.

पौल कैदी आहे, त्याला रोमला नेत आहेत. गहू भरलेलं तारू आहे, वर 276 माणसं आहेत. ईशान्येचं वादळ लागतं. दोर घालून तारू आवळून बांधतात, सामान फेकतात, तिसऱ्या दिवशी तारवाची अवजारंही स्वतःच्या हातांनी समुद्रात टाकतात. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागते. खोली मोजतात, 20 वाव. थोडं पुढं, 15 वाव. खडकावर आपटू या भीतीनं तारवाच्या मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघतात.

लग्न होऊन आले त्या वर्षी मी हे सासऱ्यांना वाचून दाखवलं होतं. ते रापणीचे तांडेल, जन्म दर्यावर गेलेला. वावांचा हिशेब आला तसे ते सरळ होऊन बसले. म्हणाले, "ह्या लिवल्यान त्येका दर्यो ठावक आसा." रात्री अनोळखी किनाऱ्याला लागायचं नसतं, नांगर टाकून पडून राहायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मांयनं तीच गोष्ट चुलीपाशी सांगितली. रात्री दुःख दुप्पट दिसतं आणि वाट अर्धीच दिसते. म्हणून बाय, घर विकायचं का, गावाला परतायचं का, हे रात्री दहानंतर बोलायचंच नाही असा नियम दोघं मिळून करा. आठवला तर विषय कागदावर लिहा, कागद बायबलखाली ठेवा आणि सकाळी चहा झाल्यावर काढा. मी हे 40 वर्षं करते आहे. सकाळी तो प्रश्न सुटलेला नसतो, पण त्याची उंची आपल्याला दिसते.

नांगर उधाण आल्यावर घडवायला बसता येत नाही, तो होडीत आधीपासून लागतो. मांयचा नांगर म्हणजे ती ठरल्या वेळची तेर्स. नवरा गेल्यावर पहिले कित्येक महिने मला प्रार्थनेत काहीही वाटत नव्हतं. ओठ हलायचे, मणी सरकायचे, मन कोरडं. मला वाटायचं ही फसवणूक आहे, देवाचीही आणि माझीही. तसं मांयला म्हटलं तर ती म्हणाली, होडी नांगरलेली असताना नांगर दिसतो का? मला ते पटायला फार वर्षं लागली. आता तुला सांगते: मन लागो न लागो, वेळ चुकवू नकोस. लोकलमध्ये असशील तर तिथं म्हण. एक दशक म्हण, पूर्ण जमलं नाही तरी चालेल.

आणि मन कोरडं असताना गोड बोलायला जाऊ नकोस. स्तोत्रसंहिता उघडून बघ, तिच्यात किती स्तोत्रं नुसती गाऱ्हाण्याची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारावरच संपतं. शेवटी आशेची ओळही नाही. तरी ते शास्त्रात ठेवलं आहे, कारण तो माणूस ज्याच्याविरुद्ध बोलतो आहे त्याच्याशीच बोलतो आहे. तू मला म्हणालीस की देवाचा राग येतो, याची लाज वाटते. लाज कसली? मांय म्हणायची, "रडाचा तर देवाम्होरां रड." पाठ फिरवून गप्प बसण्यापेक्षा तोंडावर भांडणं हे नातं टिकवणाऱ्याचं लक्षण आहे. तुझ्या आजोबांशी मी असंच भांडायचे.

आता पेजेचं. तुला वाटेल आजी जेवणावर आली. पण त्याच अध्यायात, चौदा दिवस कुणाच्या पोटात धड अन्न नाही, तेव्हा पौल काय करतो बघ. उजाडायच्या आधी भाकर घेतो, सगळ्यांदेखत देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. ते पाहून बाकीच्यांना धीर येतो आणि तेही खातात. त्या आधी देवदूतानं त्याला रात्री भेटून सांगितलेलं आहे की कुणाचा जीव जाणार नाही. एवढं वचन हातात असताना त्यानं केलं काय, तर लोकांना जेवायला लावलं. एलीयाचंही तसंच. झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूत आला, त्याला भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. देवाचं बोलणं त्यानंतर. तू नवऱ्याचं पथ्य वजनकाट्यावर मोजतेस आणि स्वतः दुपारी चहा-बिस्किटावर राहतेस, हे चेडवानं मला सांगितलं आहे. ते बंद कर. आजाऱ्याची सेवा करणारी बाई पडली तर घरात दोन आजारी.

औषधाबद्दलही बोलते, कारण तुमच्या बिल्डिंगमधली कुणी बाई डायलिसिस सोडून फक्त प्रार्थनेला या असं म्हणाली, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. असं करायचं नाही. त्या तारवाची हकीकत लिहिणारा लूक हा पेशानं वैद्य होता आणि "आम्ही, आम्ही" असं लिहितो आहे, म्हणजे तो त्याच तारवावर होता. देवानं पौलासोबत वैद्य दिला होता. वेंगुर्ल्याला अमेरिकन मिशननं दवाखाना काढला तेव्हा त्याला नाव दिलं तेच, सेंट ल्यूक. सुईतून येतं ते औषधही त्याच्याच हातचं मानून घे. आणि पैशाचं म्हणशील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्यासमोर उभी राहा. एकदा परत पाठवलं तर दुसऱ्यांदा जा. ही धावपळ भरवशाच्या उलट आहे असं समजू नकोस. पौलाच्या वचनानंतरही खलाशांना तारू सांभाळावंच लागलं. ते होडी सोडवून गुपचूप पळायला निघाले तेव्हा पौलच म्हणाला की हे इथं राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही.

सामान फेकण्याची गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या लोकांनी आधी माल टाकला, मग अवजारं टाकली आणि शेवटी गहूही टाकला, ज्याच्यासाठी ती सगळी सफर होती. जीव वाचवायचा तर काय टाकायचं हे शांतपणे ठरवावं लागतं. मी विधवा झाल्यावर दोन वर्षं कर्ज लपवलं. आजोबांनी जाळ्यांसाठी घेतलेले पैसे होते, पतपेढीचे वेगळे, नात्यातले वेगळे. मास्तरीण बाईच्या दारात वसुलीला माणूस येतो हे वाडीला कळू नये म्हणून मी एकाचे फेडायला दुसऱ्याकडून घेत गेले. शेवटी एका रविवारी मिस्सा झाल्यावर मालवणला फादरांना सगळं सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. कोरा कागद दिला आणि म्हणाले, आकडे लिही. किती, कुणाचे, व्याज काय. लिहिल्यावर समजलं की माझ्या मनातला आकडा खऱ्या आकड्याच्या दीडपट होता. मग दोन बांगड्या मोडल्या, खाडीकडचे चार माड गहाण टाकले आणि पाच वर्षांत मोकळी झाले. माझी अब्रू त्यात गेली नाही. गेली ती फक्त झोप उडवणारी लपवालपवी. तुम्ही दोघं असा कागद लिहा. गाडी विकायची असेल तर विका. इंग्रजी शाळा बदलावी लागली तर बदला. मी 33 वर्षं मराठी शाळेत शिकवलं, तिथली पोरं आज कुठे कुठे आहेत, तुला ठाऊक आहे.

हे सगळं आपल्या घरापुरतं झालं. आपल्या मराठी माणसांत याहून मोठी उदाहरणं आहेत आणि ती मला माझ्या वाईट दिवसांत आधाराला आली. पंडिता रमाबाईंचं चरित्र मी शाळेच्या कपाटातून आणून वाचलं. दुष्काळात वडील, आई, थोरली बहीण उपासमारीनं गेलेली. मग 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा पटकीनं गेला, पदरात वर्षाचीही नसलेली मनोरमा. तेव्हा त्यांचं वय 24 सुद्धा नव्हतं आणि ख्रिस्ताची ओळख पुरती व्हायची होती. बाप्तिस्मा 1883 मध्ये, इंग्लंडमध्ये. यात एक गोष्ट मला नेहमी थांबवते. ज्या दुष्काळानं त्यांचं घर खाल्लं, तसाच दुष्काळ 1896-97 मध्ये परत पडला, तेव्हा ही बाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुलींना घेऊन आली. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथं प्रार्थना व्हायची तशी शेती व्हायची, विणकाम व्हायचं, छापखाना चालायचा, आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची. एवढं होऊन 1921 च्या जुलैत ती मनोरमाही गेली, चाळिशीची. रमाबाई तेव्हा मूळ भाषांवरून मराठी बायबलचं भाषांतर करत होत्या. त्यांनी ते काम सोडलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि ते बायबल 1924 मध्ये छापून बाहेर आलं.

मला विचारशील तर, एवढा भरवसा ठेवणाऱ्या बाईची एकुलती एक लेक देवानं का नेली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुझे आजोबा का गेले याचंही नाही. मी 40 वर्षं विचारते आहे. कुणी असं उत्तर चटकन देत असेल तर त्याच्यापासून जरा लांब राहा.

लक्ष्मीबाई टिळकांचीही गोष्ट सांगते, कारण तू म्हणालीस की माझा विश्वास कमी पडतो. त्यांच्या नवऱ्यानं, टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या, रडल्या, चिडल्या, सोवळंओवळं सोडायला त्यांना वर्षं लागली. स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये. पाच वर्षं बाय! आणि पुढं नवऱ्याच्या मागे, धड शाळा न शिकलेल्या त्या बाईनं त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हातात घेतलं. तुला तीन महिन्यांत सगळं जमत नाही म्हणून तू स्वतःला बोल लावतेस. 'स्मृतिचित्रे' माझ्या कपाटात आहे, पुढच्या वेळी घेऊन जा.

आता माणसांबद्दल. तोंडवलीच्या किनाऱ्यावर रापण तू लहानपणी पाहिली आहेस. होडीतून जाळं अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि मग माणसं दोन रांगांत उभी राहून ओढतात. एकट्या माणसाला रापण ओढता येत नाही, तो कितीही बळकट असो. जाळ्यात काय आहे ते शेवटपर्यंत दिसत नाही, तरी ओढत राहावं लागतं. तू मुंबईत तीन महिने एकटीच दोर ओढते आहेस. तुमच्या चर्चमध्ये अजून कुणाला सांगितलं नाहीस, का तर लोक काय म्हणतील. सांग. पण मोघम सांगू नकोस. "आमच्यासाठी प्रार्थना करा" एवढ्यावर थांबलीस तर लोक मान हलवून घरी जातील. "मंगळवारी दवाखान्यात सोबत कोण येईल, गुरुवारी चेडवाला शाळेतून कोण आणील" असं विचार. ज्याला देवानं पाठवायचं असेल त्याला नेमकं काम कळायला हवं.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा मी इथं एकटी होते, तुला आठवत असेल. कोरोनामुळे चर्च बंद, मिस्सा बंद, तुम्ही मुंबईत अडकलेले. 16 तारखेला सकाळपासून सुरूची झाडं अशी वाकत होती की बघवत नव्हतं. दुपारी मागचा माड स्वयंपाकघरावर पडला, कौलं फुटली, पाणी आत. मी देवघरातला क्रूस उराशी घेऊन कॉटखाली बसले आणि तेर्स म्हणायला लागले, मध्येच विसरले, परत सुरू केली. वादळ उतरल्यावर पहिला कोण आला असेल तर शेजारचा मुलगा, कोयता घेऊन. त्यांच्या घरी वाघेश्वराची पूजा असते, आपल्या घरी येशूची. त्यानं माड तोडून बाजूला केला, त्याच्या आईनं भात आणि सुक्या बांगड्याची किसमूर पाठवली. कितीतरी दिवस वीज नव्हती आणि त्या दिवसांत माझं जेवण त्यांच्याकडून आलं. मी देवाकडे मदत मागितली होती. ती कुठल्या दारातून येईल हे मी ठरवलेलं नव्हतं, ते बरं झालं.

तुमच्याकडे भेटायला येणाऱ्यांचंही ऐकून ठेव. कुणी म्हणेल ही देवाची परीक्षा आहे, कुणी म्हणेल कुठलं तरी पाप असेल. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तिथवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडल्यावर बिघडलं, आणि शेवटी देवानं त्यांनाच चुकीचं ठरवलं. असं बोलणाऱ्यांना चहा दे आणि सोड, मनाला लावून घेऊ नकोस. पैसे घेऊन आजार काढून देतो म्हणणारा कुणी आला तर मात्र चहाही देऊ नकोस.

आणि शेवटचं, जे सांगायला मला जड जातं. त्या अध्यायाचा शेवट नीट वाच. तारू वाचलं नाही. वाळूत रुतलं, मागचा भाग लाटांनी फुटला. पोहता येणारे पोहत गेले, बाकीचे फळ्यांवर आणि तारवाच्या तुकड्यांवर. 276 च्या 276 माल्टाच्या किनाऱ्याला लागले, पण ओले, थंडीनं काकडलेले, हातात काही नसलेले. पौलानं तारवाबद्दल आधीच सांगितलं होतं की ते जाईल. तुमचं तारू, म्हणजे ती नोकरी, ते दोन खोल्यांचं घर, तुम्ही दोघांनी आखलेलं सगळं, ते राहीलच असं मी तुला सांगू शकत नाही. नातजावई बरा होईल असंही वचन मला देता येत नाही, ते माझ्या हातात नाही. मला एवढंच अनुभवानं माहीत आहे की आजोबा गेल्यावर मी ज्या फळीला धरून किनाऱ्याला आले, ती फळी मी आणलेली नव्हती. मांय होती, शाळा होती, फादरांचा कोरा कागद होता, शेजाऱ्याचा कोयता होता. प्रत्येक वेळी काहीतरी हाताला लागलं.

मांय 1996 मध्ये गेली. शेवटचे काही दिवस तिला माणसं ओळखू येत नव्हती, तरी दिवा लागला की बोटं मण्यांवर सरकायची. तीच तेर्स मी या पाकिटात घालून पाठवते आहे. लाकडी मणी आहेत, दोन ठिकाणी दोरा बदललेला आहे, क्रूसाची एक बाजू झिजली आहे. उशाशी ठेव.

मंगळवार हा डायलिसिसचा दिवस. त्याच्या आदल्या रात्री दोघांनी काही ठरवू नका. सकाळी सातला मी फोन करते, त्याआधी पेज खाऊन घे.

तुझी आजी
तोंडवली